सवय कोणाच्या हाताला लागते?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या सकाळच्या शाळेत शिकवतात. घरी पती, दोन शाळकरी मुले आणि सासू-सासरे आहेत, आणि सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे. गेल्या हिवाळ्यात फोनवरचे काही व्हिडिओ पाहून त्यांनी आपले घर निसर्गाला जपणारे आणि आरोग्याला चांगले करायचे ठरवले. बांबूचे टूथब्रश, स्टीलच्या बाटल्या, काचेच्या बरण्या, ओट्स, क्विनोआ आणि चिया मागवले, प्लास्टिकचे जुने डबे काढून टाकले आणि पहिल्याच महिन्यात सुमारे ४,००० रुपये खर्च झाले. मुलांनी ओट्सचा उपमा खाल्ला नाही. ‘इतकी वर्षे आम्ही काय विष खात होतो का?’ असे म्हणून सासूबाई रुसल्या. ‘आपल्या एका घराने काय होणार?’ असे पतींनी म्हटले. वेगळा केलेला कचरा घंटागाडीत पुन्हा एकत्र होताना पाहून त्यांचाही धीर सुटला आणि दोन महिन्यांत सगळे थांबले. एप्रिलमध्ये घरात ए.सी. घेण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी विरोध केला, आणि त्यावरून झालेला अबोला अजून पूर्ण सरलेला नाही. ‘मी हट्टी आहे की घरचे बेफिकीर आहेत, आणि पुन्हा सुरुवात करायची तर कुठून करू?’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला घरातला तणाव दिसला. दुसऱ्या वाचनात मात्र माझे लक्ष तुमच्या वाक्यांकडे गेले. मी मागवले, मी धुऊन ठेवले, मी वेगळे केले, मी समजावले, अशी ती वाक्ये आहेत. सहा माणसांच्या घरात एवढा मोठा बदल घडवायचा आणि त्याचे सगळे काम एकीने, तेही सकाळची शाळा करून आल्यावर उचलायचे, असा हा मामला होता. तुम्ही दोन महिन्यांनी थांबलात ते मन कच्चे म्हणून नव्हे. तुम्ही थकलात म्हणून थांबलात, असे मला वाटते. त्यामुळे ‘मी हट्टी की घरचे बेफिकीर’ हा प्रश्न मी बाजूला ठेवते. कोणती सवय घरात यावी याआधी ती कोणाच्या हाताने यावी, हे ठरवायला हवे, आणि माझे उत्तर बहुतांशी त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

सुरुवात खरेदीपासून करते, कारण तुमचीही सुरुवात तिथूनच झाली. चांगले जगणे म्हणजे चांगल्या वस्तू आणणे, असा समज फोनवरच्या चित्रांतून नकळत मनात बसतो. तुम्ही जे प्लास्टिकचे डबे काढून टाकले ते आणखी कित्येक वर्षे टिकले असते. ते कचऱ्यात गेले आणि त्यांच्या जागी दूरच्या कारखान्यात बनलेल्या, खोक्यात आणि फुगवलेल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या बरण्या आल्या. गरम पदार्थ प्लास्टिकच्या डब्यात भरू नये हे बरोबरच आहे, पण त्याच डब्यांत खिळे, शिवणाचे सामान, बी-बियाणे राहू शकले असते. स्टीलच्या बाटल्यांचेही तसेच. खानदेशातल्या कोणत्याही संसारात लग्नात आलेली स्टील-पितळेची भांडी माळ्यावर पडून असतात. तुमच्या माळ्यावर काय आहे ते एकदा उतरवून पाहा.

इथे मला आपल्याच यावल तालुक्यातल्या फैजपूरची आठवण होते. १९३६ च्या डिसेंबरमध्ये तिथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. त्यासाठी उभारायच्या नगराची सजावट गांधीजींनी नंदलाल बोस यांच्याकडे सोपवली, आणि ती भोवताली मिळणाऱ्या बांबूसारख्या साध्या सामानातून व्हावी असा आग्रह धरला. बांबू तोच, पण तिथे तो जवळचा होता म्हणून वापरला गेला आणि तुमच्या घरी तो पार्सलने आला. पुढचे तीन महिने या कामासाठी नवे काहीही विकत आणायचे नाही, एवढा एकच नियम तुम्ही केलात तरी पतींची अर्धी तक्रार मिटेल, आणि कोणती गोष्ट खरोखर लागते हे तुम्हालाही समजेल.

आता स्वयंपाकघराकडे येऊ, कारण सासूबाईंचा रुसवा तिथलाच आहे. त्यांचे वाक्य तुम्हाला लागले, हे मी समजू शकते. पण त्यांच्या जागी बसून पाहा. ज्या बाईने चाळीस वर्षे ज्वारी-बाजरीच्या भाकरी थापल्या, उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या वाळवल्या, आंब्याच्या कोयीसुद्धा वाया जाऊ दिल्या नाहीत, तिच्यासमोर पौष्टिक धान्य म्हणून क्विनोआची पुडी ठेवली गेली. क्विनोआ वाईट नाही. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले धान्य आहे आणि तिथल्या लोकांचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे. पण तिथल्या माणसाचे क्विनोआशी जे नाते, तेच आपले दादरशी, म्हणजे आपल्याकडच्या रब्बी ज्वारीशी आहे. आपल्या काळ्या जमिनीत रब्बीची दादर मुरलेल्या ओलीवर निघते, गहू किंवा उसासारखे पाणी मागत नाही, आणि तिचा कडबा जनावरांना होतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा जगाला जे सांगितले गेले, ते सासूबाईंच्या पिठाच्या डब्यात आधीपासून होते.

कळण्याचेच पाहा. ज्वारी किंवा बाजरी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेली भाकरी, सोबत ठेचा किंवा वांग्याचे भरीत. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि तो कडधान्यात भरपूर असतो. कडधान्यात जे कमी पडते ते धान्य पुरवते. हे शास्त्र ठाऊक नसताना आपल्याकडच्या बायकांनी ते जात्यावर साधले होते. चियाच्या जागी जवस आहे. चियामध्ये ज्या ओमेगा-३ प्रकारच्या स्निग्धांशासाठी लोक पैसे मोजतात, तो जवसातही असतो, आणि जवस भाजून केलेली चटणी मुले भाकरीबरोबर खातात. बाजरीतले लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबाची फोड घ्यावी आणि जेवल्यावर लगेच चहा घेऊ नये, एवढी एक नवी गोष्ट मात्र तुम्ही सासूबाईंना सांगू शकता. मधल्या सुट्टीच्या डब्यासाठी केळी, फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ यांच्यापेक्षा सोपे काही मला सुचत नाही. केळीच्या पट्ट्यात राहून मुलांना पुड्यातली बिस्किटे द्यावी लागतात, ही खरोखर विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

तरीही, ताई, जुने ते सगळे सोने असे मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही भांडण मिटवण्यासाठी तसे मानू नका. माझ्या आजीच्या चुलीवरच्या भाकरीची चव मला आठवते, तसा तिचा खोकलाही आठवतो. धुराने तिचे डोळे कायम लाल असत. आपल्या आवडत्या शेवभाजीच्या तर्रीत किती तेल असते हे आपण सारे जाणतो. बैठे काम करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला सगळे मिळून साधारण चार-पाच चहाचे चमचे तेल पुरेसे असते; तुमच्या घरी महिन्याला किती तेल येते ते माणसांच्या संख्येने भागून पाहा, म्हणजे कुणालाही उपदेश न करता आकडाच बोलेल. मिठाचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ सांगते, आणि त्यात पापड, बिबड्या, लोणचे, शेव, फरसाण या सगळ्यातले मीठ धरायचे असते. सासूबाईंच्या रक्तदाबासाठी ही गोष्ट कोणत्याही परदेशी धान्यापेक्षा महत्त्वाची आहे. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, पण त्यात पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते अपाय करू शकते. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. आणि ज्यांना मधुमेह आहे अशा वाचकांनी हेही लक्षात ठेवावे की ज्वारीची भाकरी गुणाची असली तरी तिच्यातही पिष्ट आहे. भाकरी बदलली तरी किती खायच्या हे पाहावेच लागते.

भाकरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. सहा माणसांच्या रात्रीच्या भाकऱ्या म्हणजे दहा-बारा तरी होतात, आणि मे महिन्यात गॅससमोर उभे राहून त्या थापणे ही शिक्षा आहे. ‘पुन्हा भाकरीकडे वळा’ असे लिहिणारे बहुतेक लोक स्वतः भाकरी थापत नाहीत. म्हणून रोज भाकरीचा आग्रह धरू नका. आठवड्यात तीन रात्री ठरवा. त्यातली एक बाजरीच्या खिचडीची, एक थालीपिठाची असू द्या. दळण निवडणे सासऱ्यांना बसल्या जागी जमते. ते गिरणीवर नेऊन आणणे हे पतींचे काम असू द्या. ‘मदत’ हा शब्दच वापरू नका, कारण मदत एखाद्या दिवशी चुकते आणि मग ते काम तुमच्याकडे परत येते. मोठा मुलगा पीठ मळायला शिकू शकतो. त्यात कुणालाही कमीपणा नाही.

वाटून घेतलेले काम टिकते याची साक्ष आपल्या भागातच आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेसारख्या नद्यांवर तीन-चारशे वर्षे फड बागायत चालली. नदीवर छोटे बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे वाटलेले फड. पाणी कोणाला कधी द्यायचे ते पाटकरी पाही, पाटाची साफसफाई सगळे मिळून करीत, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा हे सगळे मिळून ठरवीत. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विभागलेल्या असल्याने तुटीचा भार एकट्यावर येत नसे. ती व्यवस्था शतकानुशतके टिकली ती कोणा एका शेतकऱ्याच्या सद्‌गुणावर नव्हे. जबाबदारी नेमून दिलेली होती आणि झळ वाटून घेतलेली होती, म्हणून ती टिकली. तुमच्या घरात सहा माणसांचा असा एक छोटा फड बसवता आला, तर तुमच्या एकटीच्या निर्धारापेक्षा तो जास्त दिवस चालेल. एका रविवारी सगळ्यांना बसवून एवढेच विचारा : या घरात काय वाया जाते असे तुम्हाला वाटते? आणि मग शांतपणे ऐका. सासरे विजेचे म्हणतील, सासूबाई शिळ्या अन्नाचे म्हणतील, मुले कदाचित पाण्याचे म्हणतील. ज्याने जे सांगितले ते त्याच्याकडे सोपवा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तो जरा सविस्तर बोलते, कारण आपल्या भागात तो सगळ्यांत मोठा आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात विहिरी आटत गेल्या आणि कूपनलिका खोल खोल होत गेल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले. गावोगावी नळाला चार, सहा, आठ दिवसांआड पाणी येते. आणि तरीही पाणी आले की आधी भरून ठेवलेले पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतायचे, ही पद्धत कित्येक घरांत आहे. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात, वरून ओगराळ्याने काढलेले पाणी रात्रीत शिळे होत नाही. ते खराब होते ते उघडे राहिल्याने आणि त्यात हात बुडवल्याने. अगदीच प्यायचे नसेल तर त्याने कपडे भिजवा, फरशी पुसा, तुळशीला घाला. ही एक सवय बदलली तर दर पाळीला कितीतरी हंडे वाचतील, आणि त्यासाठी एक पैसाही लागणार नाही.

आर.ओ. यंत्राबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण अशा पत्रांत तो प्रश्न हमखास येतो म्हणून लिहिते. बऱ्याच घरगुती यंत्रांत एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकले जाते. पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांसाठी भारतीय मानक लिटरला ५०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेते. नळाला नदीचे किंवा धरणाचे पाणी येत असेल आणि क्षार ५०० च्या आत असतील, तर आर.ओ.ची गरज सहसा पडत नाही. गाळून उकळलेले पाणी किंवा अतिनील किरणांचा साधा फिल्टर पुरतो. बोअरचे पाणी खारे असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून यंत्र घेण्याआधी किंवा काढून टाकण्याआधी पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. हातातल्या छोट्या मीटरने क्षार समजतात, जंतू समजत नाहीत. यंत्र असेलच तर त्याचे बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून फरशी आणि संडासासाठी वापरा. झाडांना ते रोज घालू नका, क्षार मातीत साठतात.

आता ए.सी.चा वाद. इथे मी तुमच्याशी स्पष्टपणे असहमत आहे, ताई, आणि ते प्रेमाने सांगते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात वृद्ध माणसाला, विशेषतः रक्तदाबाच्या रुग्णाला, उष्माघाताचा धोका खरा असतो. त्यांच्या शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी झालेली असते आणि तहानही उशिरा लागते. पर्यावरणाची काळजी म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तळमळत दुपार काढणे, असा अर्थ मला मान्य नाही. पण त्याचबरोबर ए.सी. हे पहिले उत्तर असते असेही नाही. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती आणि मातीचे छत ऊन आत येऊ देत नसत. सिमेंटची गच्ची दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता घरात सोडते. त्या गच्चीला मार्चअखेर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्टी किंवा जाड पडदा लावा. खिडकीच्या बाहेर अडवलेले ऊन आणि आतल्या पडद्याने अडवलेले ऊन यांत मोठा फरक पडतो. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर एप्रिल-मेमध्ये उत्तम काम करतो, आणि ए.सी.पेक्षा त्याला वीज फार कमी लागते. मात्र त्याच्या टाकीतले पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासून वाळवायला हवी, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. कूलर हरतो तो जूनमध्ये, पाऊस तोंडावर आला की, कारण दमट हवेत पाणी नीट उडत नाही.

हे सगळे करूनही सासू-सासऱ्यांना त्रास होत असेल, तर त्यांच्या एका खोलीत ए.सी. घ्या, आणि अपराधी वाटून घेऊ नका. जास्त तारांकनाचा घ्या आणि पंखा मंद चालू ठेवून २६ अंशांवर लावा. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात नवे ए.सी. सुरू होताना आपोआप २४ अंशांवर असतात, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. दुपारी सगळ्या घराने त्या एकाच खोलीत बसायचे. माझ्या माहितीतल्या एका घरात त्या निमित्ताने आजोबा आणि नातवंडे रोज दोन तास एकत्र बसू लागली. आणि हा विषय तुम्ही स्वतः जाऊन सासऱ्यांजवळ काढा. अबोला तुमच्या विरोधातून आला, तर तो मोडण्याचा पहिला शब्दही तुमचाच असावा, असे मला वाटते.

कचऱ्याबाबतची तुमची निराशा मात्र पूर्णपणे योग्य आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून कचरा वेगळा देणे हे नागरिकाचे, आणि तो वेगळा नेणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. तुम्ही तुमचा भाग केला आणि पुढे तो एकत्र झाला. यावर माझे उत्तर असे की ओला कचरा घराबाहेर जाऊच देऊ नका. तो गाडीत नसला, की मिसळण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि उरलेला सुका कचरा कोरडा असल्याने महिन्यातून एकदा भंगारवाल्याला देता येतो. भाज्यांची देठे आणि केळीच्या साली शेजारी कुणाची गाय-म्हैस असेल तर तिला द्या; फक्त त्यात एकही पिशवी जाता कामा नये. नाहीतर गच्चीवर सावलीत, बुडाला आणि बाजूंना भोके पाडलेला जुना ड्रम ठेवा. तळाला वाळलेला पाला, वर ओला कचरा, त्यावर पुन्हा मूठभर माती आणि दुप्पट वाळला पाला, अधूनमधून वाटीभर आंबट ताक. वास येऊ लागला तर ओलावा जास्त झाला आहे असे समजून पाला वाढवा. आपल्या उन्हाळ्यात उलटे होते, ड्रम सुकून पडतो आणि काहीच कुजत नाही, म्हणून मे महिन्यात पाणी शिंपडायला हवे. दोन-तीन महिन्यांत खत मिळते. हे काम मुलांना द्या, ती मन लावून करतात. आणि अंगणातला पाला झाडून सकाळी पेटवण्याची सवय तुमच्या गल्लीत असेल तर तोच पाला मागून आणा. धूर कमी होईल, ड्रमचे पोट भरेल. न्हाणीघरातल्या बंबात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या सारणे तर आजच थांबवायला हवे; तो धूर घरातच आणि गल्लीतच राहतो.

पिशव्यांबद्दल फार लिहीत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्येच बंदी आणली आणि तरी बाजारात त्या मिळतात. दोन कापडी पिशव्या पतींच्या गाडीच्या डिकीत कायम ठेवा. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते : रविवारी हॉटेलातून शेवभाजीचे पार्सल आणताना घरून कडीचा स्टीलचा डबा न्यावा. उकळता तेलकट रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणणे हे आरोग्य आणि कचरा या दोन्ही दृष्टींनी वाईट आहे. पहिल्या दिवशी हॉटेलवाला पाहत राहील, तिसऱ्या रविवारी तो स्वतःच डबा मागेल. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असते तेव्हाही पत्रावळी म्हणून केळीची पाने घ्या. ती जेवण झाल्यावर जनावरे खातात. थर्माकोलची ताटे आणून मागे ढीग ठेवण्याची आपल्याला काहीच गरज नाही.

पतींच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. एका घराने काय होणार? तापीचे पाणी वाढणार नाही आणि मे महिन्याचा पाराही उतरणार नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि ते खरे आहे असे तुम्ही त्यांना मोकळेपणाने सांगा. पण कमी तेल, कमी मीठ, कमी धूर, रोजचे चालणे यांचा लाभ त्याच एका घराला आणि त्याच वर्षी मिळतो. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांना एक किलोमीटरवरच्या शाळेत गाडीऐवजी चालत सोडले आणि चालत परतले, की ती मिनिटे निघतात आणि पेट्रोलही वाचते. फक्त उन्हाळ्यात हे चालणे सकाळी सातच्या आतच व्हावे. आणि एक घर जेव्हा गल्लीतल्या दहा घरांना घेऊन नगरपालिकेला लेखी विचारते की घंटागाडीत दोन कप्पे का नाहीत, तेव्हा ते एक घर राहत नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचे छोटे आदिवासी गाव आहे. उजाड झालेले जंगल गावाने स्वतः नियम करून आणि राखण करून पुन्हा उभे केले. त्यात पुढाकार घेणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पतींना सुट्टीच्या दिवशी तिकडे घेऊन जा. माझ्या लेखापेक्षा त्या झाडांखाली उभे राहणे त्यांना अधिक पटेल.

ज्या वाचकांची परिस्थिती वेगळी आहे त्यांच्यासाठीही दोन शब्द. भाड्याच्या घरात गच्ची आपली नसते, तिथे चुना आणि ड्रम दोन्ही अवघड, पण पाणी, मीठ आणि खरेदी या तीन गोष्टी कोणत्याही खोलीत पाळता येतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी भाकरीचा अट्टहास करू नये. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील करायला सोपी आणि उन्हाळ्यात पोटाला थंड असते.

शेवटी तुमच्या ‘कुठून’ या प्रश्नाकडे येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी सुमारे शंभर माणसांवर केलेल्या एका अभ्यासात एखादी नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, कुणाला १८ आणि कुणाला थेट २५४ लागतील असा हिशेब निघाला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तुम्ही साठाव्या दिवसाच्या आसपास, तेही एकाच वेळी दहा सवयी घेऊन थांबलात. या वेळी दोनच घ्या. एक शिळ्या पाण्याची, ती मुलांकडे. दुसरी कळण्याची, ती सासूबाईंकडे.

त्यांच्याजवळ जाऊन ‘तुमच्या माहेरी कळणा कसा दळायचे?’ असे विचारा, आणि त्या जे सांगतील ते प्रमाण वहीत उतरवून घ्या. माझ्या घरी एक किलो ज्वारीला पाव किलो सालासकट उडीद घेत. गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे तो कळणा गव्हाच्या मागे लगेच घालणार नाही. आणि जुन्या पद्धतीत खडे मीठ दळतानाच घालतात, ते या वेळी सासूबाईंच्या रक्तदाबासाठी राहू द्या. भाकरी थापताना ज्याला हवे त्याच्या पिठात चिमूटभर घालता येते.